चार येत नाही

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे, आमची नऊ मजली इमारत.
लिफ्टला पैसे लागतात.
फटीत दहा तेत्रींचं नाणं टाकायचं,
ते खाली पडल्याचा आवाज ऐकायचा,
मग बटण दाबायचं. नवसाच्या देवासारखंच,
फक्त हिच्याकडे उधारी नाही.

जानेवारीत कुणीतरी आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलं:

१
११
२१
१२११
१११२२१

आणि खाली एक रिकामी चौकट.

सातव्या मजल्यावरच्या जुम्बेरनं
तीस वर्षं तंत्रशाळेत गणित शिकवलं,
आता तो पुलापाशी घड्याळांचे सेल बदलतो.
त्यानं आकडे सिगारेटच्या पाकिटावर उतरवले
आणि त्या रात्री त्याच्या खिडकीतला दिवा
विझलाच नाही.

आधी वजाबाकी. दहा, पुन्हा दहा,
मग एकदम अकराशे नव्वद.
नियम असा बेडकासारखा उडत नाही.
एकवीसात सात सापडला. बाराशे अकरातही सात!
पहाटे तीनला त्यानं बायकोच्या फोटोला उठवून सांगितलं.
मग शेवटच्या संख्येला सातानं भागलं,
बाकी उरली पाच.
पाच. दारात उभ्या वसुलीवाल्यासारखी,
हलायचं नाव नाही.

तिसऱ्या दिवशी दाढी न करता तो खाली आला.
तळमजल्यावर लामारा भट्टीतून पाव काढते,
लिफ्टच्या पेटीची किल्लीही तिच्याकडेच.
ती गल्ला मोजत बसली होती, मोठ्यानं,
कारण डोळ्यांत मोतीबिंदू, विश्वास फक्त कानांवर:
"तीन वीस. एक पन्नास. दोन दहा."

"वाचून दाखव," ती म्हणाली.
"एक. अकरा. एकवीस. बाराशे अक…"
"असं नाही रे. संख्या कसल्या करतोस त्यांच्या?
नाण्यांसारखे सुटे वाच."

"एक.
एक, एक.
दोन, एक.
एक दोन, एक एक."

तिचा हात पिठात थांबला.
"मग वरच्या ओळीत काय आहे तेच सांगतायत की ते.
वर एक एक होता. मग दोन एक झाले.
मग एक दोन नि एक एक.
गल्लाच मोजतायत."

जुम्बेर पिठाच्या पोत्यावर बसला.
हसला नाही. पाकीट डोळ्यांजवळ धरून
शेवटची ओळ हळू, ओठांनी वाचली:
तीन एक, दोन दोन, एक एक.

चौकटीत त्यानं स्वतःच कोरलं ३१२२११.
किल्लीच्या टोकानं. दोन वळताना थोडा वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याखाली आणखी एक ओळ होती,
१३११२२२१,
मूळचं अक्षर नव्हे, बारीक, लहान मुलाचं वाटावं असं.
कुणाचं ते आजवर कळलेलं नाही.
नवव्या मजल्यावर म्हणतात, आमच्या नुत्साचं.
नुत्सा म्हणते, मी नाही.

लामारानं मात्र एकच विचारलं:
"यात चार कधी येतो?"

जुम्बेर पुन्हा एक रात्र जागला. या वेळी शांतपणे.
सकाळी गरम पाव हातात घेऊन तिला समजावू लागला:
चार यायला चार सारखे शेजारी बसायला हवेत,
म्हणजे मागच्या ओळीनं
एकाच वस्तूचं नाव लागोपाठ दोनदा घेतलं असणार.
जो नीट मोजतो तो असं करत नाही.
"म्हणून चार येत नाही, लामारा.
कितीही ओळी लिहा. कधीच नाही."

"ते लिफ्टला केव्हाचं माहीत आहे," ती म्हणाली.

खरंच. चौथ्याचं बटण
कुणीतरी नव्वदच्या साली सिगारेटनं जाळलं,
ते वितळून आत गेलं, तेव्हापासून मुकं आहे.
मी चौथ्यावर राहते.
दहा तेत्री टाकते, पाचव्यावर उतरते,
आणि एक जिना खाली चालत येते,
पिशवीतले पाव मोठ्यानं मोजत.